अर्धी ओळ

शनिवारची सकाळची शाळा सुटून अर्धा तास झाला असेल. सत्यवती जामसंड्याच्या बाजारातून आपल्या खोलीकडे चालली होती. हातात पावशेर गूळ, केळीच्या सोपटात बांधलेला अबोलीचा वळेसर, आणि मनात काही म्हणजे काही नव्हतं. कौलांच्या वखारीमागं सावलीची एक पट्टी पडली होती, आणि त्या पट्टीत तिच्याच दुसरीतल्या चार-पाच मुली शाळा-शाळा खेळत होत्या. एकीनं टॉवेलाचा पदर खोचला होता. सत्यवतीला हसू आलं. आपण कशा दिसतो ते पाहावं म्हणून ती वखारीच्या कोपऱ्याशी थांबली. टॉवेलवालीनं भिंतीवर फळा असल्यासारखा हात उचलला, बोलण्याआधी मान वळवून डावीकडे पाहिलं, मग दोन बोटं गळ्याखालच्या खळीत टेकवली आणि छातीतून एक लांब, बारीक शिट्टी काढली. मग म्हणाली, "आंब्याखाली उतरलं..." आणि बाकीच्या एका सुरात ओरडल्या, "ऊन चार बोटांचं!"

"असां नाय गो," खाली बसलेली एक म्हणाली. "बाई आधी खिडकीत बघतत. मगे पिपाणी वाजता."

"बघलंय मी खिडकीत."

"खिडकी खंय आसा हय?"

"आणि आज शनवार," तिसरी म्हणाली. "शनवारी पिपाणी जाडी वाजता. सोमवारी बारीक."

"जाडी वाजली काय गणित नाय," टॉवेलवाली समाधानानं म्हणाली, आणि तिनं पुन्हा, या खेपेला जाडी, शिट्टी काढली.

त्यांच्यात चेष्टा नव्हती. हेडगुरुजींच्या मिशीची नक्कल करावी, तितक्याच मन लावून त्या करीत होत्या. सत्यवती मागच्या मागं वळली आणि दुसऱ्या पाणंदीनं चालू लागली. चार महिने तिनं तो आवाज लपवला होता. खिडकीबाहेर काही पाहत असल्यासारखं उभं राहायचं, खडू मुद्दाम पाडून तो उचलायला वेळ लावायचा, आणि फारच झालं तर ओळ अर्धी सोडून द्यायची. कार्तिकातल्या एका वाईट दिवशी ती अशीच अर्ध्या ओळीवर अडकली होती, आणि चाळीस पोरींना वाटलं की हा खेळ आहे; त्यांनी उरलेली अर्धी ओळ पुरी केली. तेव्हापासून ती तसंच शिकवू लागली. आरंभ बाईंचा, शेवट पोरींचा. हेडगुरुजी एकदा दाराशी थांबून ऐकून गेले आणि म्हणाले, "सत्यवतीबाई, पद्धत नवीन आहे तुमची. उत्तम." ते ऐकून तिला लाजही वाटली आणि सुटल्यासारखंही. आणि इकडे पोरींनी त्या आवाजाला नाव ठेवलं होतं, वार लावून दिले होते, त्याच्यावरून गणिताचा अंदाज बांधला होता. आठवडाभराचा खडू छातीत साठतो आणि शनिवारी आवाज जाड होतो, हे तिनं स्वतःशी कधी इतकं नेमकं मांडलं नव्हतं.

दमा म्हणजे श्वास आत न येणं, असं ज्यांना तो नाही त्यांना वाटतं. सत्यवतीला सातव्या वर्षीच कळलं होतं की श्वास येतो. आलेला जात नाही. न उठणाऱ्या पाहुण्यासारखा ओसरीवर बसून राहतो, त्याच्यामागून दुसरा येतो, तिसरा येतो, आणि घर भरून जातं. मग छातीच्या आत कुणीतरी सुंभ वळायला बसतं. भिजलेल्या काथ्याला पीळ बसत जातो आणि प्रत्येक पिळाला एक कुरकुर. धामापूरचं त्यांचं घर तळ्याच्या अंगाला होतं. सकाळी तळ्यावरचं धुकं उठून अंगणात येई आणि गुरासारखं गोठ्यापाशी उभं राही. इतरांना तेव्हा भगवतीच्या देवळाची घंटा आधी ऐकू यायची. आईला आधी पोरीची छाती ऐकू यायची.

आई, नर्मदा, शाळेची पायरी चढलेली नव्हती. पण जात्यावर बसणाऱ्या बाईला एक गोष्ट ठाऊक असते : ओवीचा शेवटचा चरण जात्याच्या फेऱ्याबरोबर लांबवायचा असतो, त्यात घाई चालत नाही. तेवढ्या विद्येवर तिनं पोरीचा इलाज बसवला. पोरीला पुढ्यात घ्यायची, पाठीवर तळवा ठेवायची आणि म्हणायची :

ये रे वाऱ्या, भुतूर ये,
जा रे वाऱ्या, भायर जा,
खळ्यातल्या तुळशीपावत
सावकाश, सावकाश जा.

'ये' म्हणताना तळवा हलका व्हायचा, 'जा' म्हणताना जड. तुळशीपर्यंत वारा नीट गेला की मग पुढचं गाव मिळायचं. तळ्यापावत जा. देवळापावत जा. पहाट उजळेपर्यंत वारा मालवणच्या दर्यापर्यंत पोचायचा आणि पोर मांडीवर कलंडायची. त्यामुळे सत्यवतीला सगळा मुलूख श्वासानं मोजलेला होता. तुळस म्हणजे दोन अंकांचा श्वास, तळं म्हणजे चाराचा, मालवण म्हणजे नवाचा. फार वर्षांनी ती खरोखर मालवणला गेली तेव्हा तो गाव तिला वाटला होता त्याहून जवळ निघाला, आणि ती थोडी हिरमुसली.

त्या श्वासासाठी घरानं काय काय सोडलं होतं. मिरच्या कुटायच्या त्या मांगराकडे, घरापासून लांबच्या खोपटात, वारा उलटा असेल तेव्हा. फोडणी परसात. धूप नाही, उदबत्ती नाही. देवालासुद्धा नुसती फुलं. मांजर दिलं. भाऊ मुंबईहून लोकरीची टोपी घेऊन आला तर ती त्याच पावली दाराबाहेर टांगली गेली. कुणी कधी बोललं नाही, तेच वाईट. चतुर्थीच्या दिवसांत वाडीतल्या मुली फुगड्या घालायच्या, जोडीजोडीनं गिरकी घेत तोंडानं 'फू फू' करीत मोकळा श्वास फेकायच्या, आणि ओसरीवर बसलेल्या सत्यवतीच्या ओच्यात सगळ्यांच्या काकणांचा ढीग. फुटू नयेत म्हणून. ती ती काकणं मनगटात चढवून पाहायची, एकेका मुलीची, आणि काढून ठेवायची. तिच्या लग्नाचा विषय जसा निघायचा तसाच, कुणाच्या नकळत, बंद झाला होता.

मग एका वैद्यानं विडी सांगितली. धोतऱ्याची पानं सावलीत वाळवून, चुरून, पानात गुंडाळायची. छाती आवळली की दोन-तीन झुरके. ज्या घरात पुरुषांनीही तंबाखूला हात लावला नव्हता त्या घरात नर्मदा मांडी घालून विड्या वळायला शिकली, आणि सतरा वर्षांची सत्यवती गोठ्यामागं उकिडवी बसून त्या ओढायला. धूर कडू. जीभ सुकून कोकमाच्या सालीसारखी व्हायची, बुबुळं मोठी व्हायची, समोरचं माडाचं झाड आपल्या जागेवरून दोन बोटं सरकायचं. पण सुंभाचा पीळ सैल पडायचा. आई पाळतीला उभी असायची आणि कुणी आलं की मोठ्यानं कोंबड्यांना हाकायची. शेजारणी म्हणायच्या, नर्मदे, तुझ्या कोंबड्यांका भारी शिस्त गो.

ती फायनल पास झाली आणि जामसंड्याच्या शाळेवर नेमणुकीचा कागद आला, तेव्हा आईनं तो कागद उलटा धरून बराच वेळ पाहिला. वैद्य म्हणाले, तळ्याची ओल सोडून सड्यावरच्या सुक्या वाऱ्यात गेली तर बरंच. आई म्हणाली, "जा. पण दम लागलो तर परत येवचां. लपवचां नाय. माझ्या गळ्याची आण." सत्यवतीनं आण घेतली, आणि दर रविवारी कार्ड लिहून ती मोडली. मी बरी आहे. इथला वारा चांगला आहे. पोस्टमन ते कार्ड आईला वाचून दाखवायचा. म्हणजे खोटं बोलायचं एकीनं आणि आवाज दुसऱ्याचा. खोटं सुरुवातीला फारसं नव्हतंही. पण पौष सरता सरता सड्यावरच्या आंब्यांना मोहोर आला. इकडची माणसं मोहोराच्या दिवसांत वेगळीच होतात, दारात उभी राहून नाकपुड्या फुलवतात, आणि म्हणतात, यंदा घमघमाट बरो आसा. त्या घमघमाटाचा कण न् कण सत्यवतीच्या छातीत येऊन बसे आणि उठत नसे. देवगडच्या डॉक्टरांनी पांढऱ्या गोळ्या दिल्या. त्या घेतल्या की काळीज पाखरासारखं फडफडायचं आणि हात कापायचा. फळ्यावरचा 'क' लाटेवर ठेवल्यासारखा दिसायचा. जपून ठेवलेल्या विड्या संपल्या. शेवटी तिनं कार्डात खाली, बारीक अक्षरात लिहिलं : विड्या संपत आल्या आहेत, असाव्यात म्हणून पाठव. तिला ठाऊक होतं की ही ओळ आई दोनदा वाचायला लावील.

आता पाणंदीतून चालताना तिला पोरींचा राग येत नव्हता. येत होतं ते वेगळंच. इतकं कान देऊन आपल्याला आजवर एकाच माणसानं ऐकलं होतं. आणि तो कान इथून तीन गाड्या बदलण्याइतका लांब होता.

घरासमोर माणसं जमलेली पाहून ती थबकली. हे घर अक्काचं. अक्का विधवा, पन्नाशीची. मधे कुडाची भिंत घालून तिनं पडवीतली खोली बाईंना भाड्यानं दिली होती. घरात दुसरं माणूस म्हणजे तिचा सासरा, भिकाजी, जन्मभर गलबताचा तांडेल. तो आता ओसरीच्या खांबाला मिठी मारून बसला होता आणि गेल्या वीस वर्षांत न पाहिलेल्या खलाशांना हुकूम सोडत होता.

"शीड उतरय रे बाबू," तो सुकलेल्या जिभेनं सांगत होता. "दिवो दिसता देवगडचो. दोन दिसतत. खरो खंयचो तां बघ आधी."

"सकाळी बरे होते," अक्का कपाळाला हात लावून म्हणाली. "बाळा कंडक्टर तुझां गाठोडां ठेवन गेलो, तेच्याशी बोलले, हसले. आणि मगे ह्यां असां. ओळखनत नाय माका. माका म्हणतत, तू खंयच्या बंदरावरची?"

बाळा कंडक्टर परतीच्या फेरीत चहाला थांबला होता. तोही बशी हातात धरून फाटकाशी उभा. शेजारचे गुरुदास, वाडीत गाऱ्हाणं घालण्याचा मान ज्यांचा, ते डोकीवरची टोपी सारखी करून पुढं झाले होते, हात जोडून, डोळे मिटून.

"बा देवा म्हाराजा," त्यांनी सुरुवात केली. "ह्या घरातल्या थोरल्या माणसाक जर काय भायरचां लागलेलां असात..."

"होय म्हाराजा," बायका म्हणाल्या.

"वाटेवरचां, पाणंदीतलां, बंदरावरचां कायव असात..."

"होय म्हाराजा."

सत्यवतीनं पाहिलं. ओसरीच्या कठड्यावर तिचं गाठोडं सुटलं होतं. आमसुलांची पुरचुंडी, अडुळशाची पानं, आणि आईच्या हातची विड्यांची जुडी, लाल दोऱ्यानं बांधलेली. दोरा सोडलेला. खाली तीन थोटकं. तिला लगेच उमगलं. इकडची रीत अशी की परगावी राहिलेल्या मुलीला घरून काही आलं, तर त्यात एखादी वस्तू ज्या घरी ती राहते तिथल्या थोरल्यासाठी असायचीच. सुपारी म्हणा, पानं म्हणा. तांडेलानं विड्या पाहिल्या आणि पोरीची आई मोठी रीतीची बाई म्हणून मान डोलावून एकामागून एक तीन ओढल्या. बाईमाणसाला विड्या आल्या असतील असं त्याच्या सात पिढ्यांच्या मनात आलं नसतं.

गप्प राहिलं तरी चाललं असतं. दोन-तीन तासांत उतरलं असतं, गाऱ्हाण्याला यश आलं असतं, आणि विड्या म्हाताऱ्याच्या नावावर जिरल्या असत्या. सत्यवतीनं खांबाशी बसलेल्या त्या मोठ्या झालेल्या बुबुळांकडे पाहिलं. ती बुबुळं तिच्या ओळखीची होती.

"भायरचां काय नाय," ती म्हणाली. "ती विडी माझी आसा."

"तुझी?" अक्कानं विचारलं.

"माझी. धोतऱ्याची. औषधाची आसा." तिला थांबावं लागलं. खिडकी नव्हती, खडू नव्हता, सगळे तिच्या तोंडाकडे पाहत होते. "माका दमो आसा."

 गुरुदासांचे हात अजून जोडलेले होते. सुरू केलेलं गाऱ्हाणं मधेच सोडता येत नाही. त्यांनी एक डोळा उघडून सत्यवतीकडे पाहिलं, पुन्हा मिटला.

"तर म्हाराजा," ते म्हणाले, "ह्या चेडवाचो दमो असात, तोव दूर कर."

"होय म्हाराजा," बायका म्हणाल्या.

म्हाताऱ्याला ताक पाजून, डोळ्यांवर ओला पंचा ठेवून सावलीत निजवलं. अक्का चुलीशी वळली आणि पाठमोरीच म्हणाली, "दमो आसा तां काय आज कळला माका? कुडाची भिंत आसा, बाय. तुझो आवाज बंद झालो काय मी जागी होतंय, बघूक, काय झालां म्हणान." तिनं फुंकणी उचलली, सत्यवतीकडे पाहिलं, आणि चूल फुंकायची सोडून फुंकणी परत ठेवली. "तू जा बघया थय, धूर होतलो."

दुपार कलेपर्यंत भिकाजी शुद्धीवर आला. सगळं त्यानं ऐकून घेतलं. "तुझ्या आवशीक सांग," तो म्हणाला, "विडी वस्ताद आसा. पण माझे खलाशी सगळे इले होते गो. बाबूव इलो होतो." आणि तोंड फिरवून तो माडांमधून दिसणाऱ्या खाडीकडे पाहू लागला.

बाळा कंडक्टरनं ती गोष्ट गाडीत तिकिटाबरोबर वाटली असणार. कणकवलीला दुसऱ्या कंडक्टरनं ती घेतली, मालवणला तिसऱ्यानं. ती धामापूरला पोचणार, हे सत्यवती जाणून होती. रविवारी कार्ड लिहायला बसली तेव्हा 'मी बरी आहे'पर्यंत येऊन तिचा टाक सुकला. सोमवारी शिकवताना ती खिडकीकडे न पाहता थांबली. मंगळवारीही. पोरींना त्यात काही विशेष वाटलं नाही. पण रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला की तिचं लक्ष जायचं, आणि तिसऱ्या खेपेला तिनं स्वतःला पकडलं : आपल्याला भीती वाटत नाहीये, आपण वाट पाहतो आहोत. आईनं यावं. मोडलेल्या आणेचा हिशेब मागावा. रागवावं, ट्रंक भरावी, दंडाला धरून गाडीत बसवावं. मग तळवा. मग तुळस, तळं, देऊळ. एकोणीस वर्षांच्या, पगार घेणाऱ्या, चाळीस पोरींच्या बाईंना हे असं, दुपारी बाराच्या उन्हात, पाढे चालू असताना हवंसं वाटावं, याची तिला शरम वाटली. शरमेनं ते कमी झालं नाही.

बुधवारी, तिसऱ्या तासाला, मोहोराचा वारा सरळ वर्गात येत होता. कविता चालली होती, तिनं स्वतः जुळवलेली; पुस्तकातल्या ओळी फार लांब असायच्या. "आंब्याखाली उतरलं," ती म्हणाली. "ऊन चार बोटांचं!" पोरी म्हणाल्या. "त्याच्यामागं लागलं..." "पोर बारा गावांचं!" पुढची ओळ घ्यायला छातीत जागा नव्हती. जुनी सवय, मान डावीकडे वळली. खिडकीच्या गजांपलीकडे आई उभी होती. डोकीवर बोचकं, कपाळावरचं कुंकू घामानं ओघळलेलं. ती गजाला धरून वर्गात पाहत होती आणि तिचा उजवा हात, बहुधा तिच्याही नकळत, पुढं होऊन भिंतीला टेकला होता.

सत्यवतीला वाटलं, आता सगळं थांबेल. थांबलं नाही. पुढच्या बाकावरच्या टॉवेलवालीनं, आज तिच्या अंगावर टॉवेल नव्हता, बाईंचं तोंड पाहून ओळ स्वतःच उचलली, तिच्यामागून सगळ्यांनी. आरंभही त्यांचा, शेवटही त्यांचा. चाळीस छात्या फुगल्या, चाळीस रिकाम्या झाल्या, कवितेची दोन कडवी वर्गभर अशी फिरली जशी फुगडी. तेवढ्यात सत्यवतीचा सुंभ दोन पीळ सुटला, आणि तिनं तिसऱ्या कडव्याला, अगदी वेळेवर, आपली अर्धी ओळ ठेवली. पुन्हा पाहिलं तेव्हा आई भिंतीपासून हात काढून पदरानं तोंड पुसत होती.

खोलीवर आल्यावर नर्मदेनं आधी प्रवास सांगितला. आयुष्यात पहिल्यांदा ती एकटी एवढी लांब आली होती. "मालवण, कुंभारमाठ, कट्टा, कसाल," ती बोटांवर मोजत म्हणाली, "कणकवली, नांदगाव, शिरगाव, तळेबाजार, मगे ह्यां तुझां जामसंडां. केदे गाव गो. माका म्हायतच नव्हते." एका दमात म्हणाली, आणि आपल्याच दमाची तिला गंमत वाटली. विड्यांबद्दल ती काही बोलली नाही. आणेबद्दलही नाही. फक्त दिवा लावताना म्हणाली, "तुझी पोरां बरी म्हणतत." मग घरचं सांगत बसली. वहिनीला दिवस गेले. तांदूळ बरा पिकला. "आता मिरच्ये घरातच कुटतंव," ती म्हणाली. "कोण आता मांगराकडे जातलो? वहिनीन मांजर हाडल्यान, पिवळां. तुझ्या कोपऱ्यात भाताच्ये गोणयो ठेवलंव, उंदीर लागतत म्हणान तां मांजर थयच निजता." म्हटल्यावर तिच्या ध्यानात आलं असावं, कारण ती बोचक्याची गाठ उगाच सोडून पुन्हा बांधू लागली. सत्यवती म्हणाली, बरां केलंस. तिच्या डोळ्यांपुढे तो कोपरा आला, भिंतीला तेलकट डाग, जिथं बारा वर्षं तिचं डोकं टेकलेलं. त्या डागाला आता एक पिवळं मांजर पाठ घाशीत होतं. आपण इकडे निघून आलो आणि त्या घरानं श्वास सोडला. तो घराला हवाच होता. तरी आपण तिथं नसताना घर बरं आहे, हे ऐकायला माणूस कधी तयार नसतं.

उजाडता उजाडता दंव मोहोरावर बसलं आणि सत्यवतीची छाती बंद झाली. ती उठली, चार महिन्यांच्या सवयीनं ट्रंक पुढं ओढून तिच्यावर कोपर टेकले, एक विडी पेटवली, तीन झुरके घेतले, विझवली. आणि मग श्वास सोडायला लागली. "अंजनी," ती ओठांतल्या ओठांत म्हणाली. श्वास. "कमळ बाबाजी." श्वास. "कुसुम, घाडीवाड्यातली." जितकं नाव लांब तितका सुस्कारा लांब. हजेरीपटातली चाळीस नावं होती आणि शेवटच्या दहांपर्यंत जायची वेळ सहसा येत नसे. आज आली. "शेवंती गुरुनाथ," ती म्हणाली, आणि कुडातून आलेल्या करड्या उजेडात तिला दिसलं की आई अंथरुणात बसलेली आहे. किती वेळ, कुणास ठाऊक. दोघींच्यात हातभराचं अंतर होतं.

"ही कोण गो सगळी?" आईनं हळू विचारलं.

"माझी पोरां."

"होय?" आई म्हणाली. "माका वाटला, गावां आसत."

तिचे दोन्ही हात तिच्या मांडीवर होते, एकावर एक. सत्यवतीची पाठ त्या हातांकडे होती, आणि पाठीचं सगळं कातडं जागं होतं. ते तसंच राहिलं. भिंतीपलीकडे अक्का खाकरली आणि कूस बदलून निजली.

गाडी आठची. रस्त्याच्या कडेला दोघी उभ्या राहिल्या. नर्मदेच्या बोचक्यात आता अक्कानं दिलेलं काजूचं मडकं होतं आणि भिकाजीनं, रीत म्हणून, दिलेल्या दोन सुपाऱ्या. आई बारीकसारीक सांगत होती. विड्या महिन्याच्या महिन्याला धाडीन, वर नाव घालायला पोस्टमनला सांगीन. मोहोर गळेतो खिडकी दक्षिणेची उघडी ठेव. अक्का बरी आहे. गाडी आली. लाल धुरळा पुढं आला, मग गाडी, मग बाळा कंडक्टर दारातून लोंबकळत. सत्यवतीनं पदर नाकाला लावला. आईनं बोचकं आत दिलं, दांडीला धरलं, एक पाय पायरीवर ठेवला आणि वळली.

"येतंस?" तिनं विचारलं.

त्या मुलखात पहिल्या विचारण्याला कुणी होय म्हणत नाही. जेवायला विचारा, राहायला विचारा, माणूस आधी नको म्हणतं. दुसऱ्यांदा विचारलं की मान खाली घालतं. तिसऱ्यांदा पाट घेतं. दारावर आलेल्या कासारालासुद्धा नर्मदेनं चहाचं कधी तीनदा विचारल्याशिवाय सोडलं नव्हतं. पहिलं नको म्हणजे नको नव्हेच. तो नुसता आब असतो. अंगणात खेळणाऱ्या पोरांनाही हे कळतं.

"नको गो," सत्यवती म्हणाली. "शाळा आसा."

आईनं तिच्याकडे पाहिलं. तिनं चेहरा पाहिला, गळ्याखालची खळी पाहिली, खळी खाली-वर होत होती ती पाहिली. तिला दिसलं. जे तिला पहाटेच्या अंधारात दोन खोल्यांपलीकडून ऐकू यायचं, ते या उन्हात हातभरावरून दिसलं नसेल असं नव्हतं.

"बरां," ती म्हणाली, आणि वर चढली. खिडकीशी जागा मिळाली. तिनं पदर डोक्यावरून घेतला, दोन्ही हात पुढच्या दांडीवर ठेवले आणि समोर पाहत बसली. बाळानं घंटी ओढली. सत्यवती खिडकीखाली उभी होती, मान वर करून. गाडी हलली, वखार आली, वळण आलं. आईनं मान वळवली नाही.

सत्यवतीनं होय तयार ठेवला होता. धुरळा खाली बसेपर्यंत तो तिच्या तोंडात तसाच होता.